पुनवेचं पांढरं पातळ

माय,

उद्या वैशाखाची पुनव. सून आत्ताच दारात येऊन विचारून गेली, "आई, पांढरी साडी इस्त्री करून ठेवू का?" साधा प्रश्न. इथं नांदेडात आमच्या कॉलनीतल्या सगळ्या बायका उद्या पांढरं नेसून विहारात जाणार, आणि मी तर इतकी वर्षं त्यांच्या पुढं बसून वंदना सांगत आले, मग मला विचारायचं काय त्यात? पण तुझा जावई हिवाळ्यात गेला आणि त्यानंतरची ही पहिलीच पुनव. पोरीची जीभ 'पांढरी' म्हणताना अडखळली, ते मला दिसलं. "ठेव तिथं, बघते मी," असं जरा खेकसूनच म्हणाले तिला. तोंड माझं तुझ्यावरच गेलंय, त्याला काय करू. ती बिचारी गेली, आणि मी कागद घेऊन बसले. तुला अक्षर ओळखू येत नव्हतं हे काय मला ठाऊक नाही? पण ह्या बाबतीत विचारावं असं दुसरं माणूसच नाही मला.

तुझी पहिली पांढरी पुनव मला अजून दिसते. आपलं गाव लातूरच्या अंगाला. त्या वेळी जिल्हा नवा झाला होता. आधी अर्जावर उस्मानाबाद लिहायचे, आता लातूर लिहायला लागले, आणि झाडाखाली बसलेली माणसं म्हणायची, "जिल्हा नवा दिला बाबा सरकारनं, आता पाऊसबी नवा धाडा म्हनावं." पाऊस कुठला! नदीत वाळू, आडात गाळ, आणि टँकर यायचा तो असलं पाणी आणायचा की घागरीच्या तळाशी बोटभर माती बसायची. आमचे दादा, तुझा नवरा, तेव्हा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे. दिवसभर दगड फोडून आलेला माणूस, पण जेवण झालं की कंदील ओढून घ्यायचा आणि आम्हाला जवळ बसवून सांगायचा. वैशाखी पुनवेला सिद्धार्थाचा जन्म झाला, याच पुनवेला पिंपळाखाली ज्ञान झालं आणि याच पुनवेला त्यांनी देह ठेवला. तिन्ही एकाच दिवशी. आणि सुजातेची गोष्ट तर दादा दर वर्षी नव्यानं सांगायचे: उपास करून करून हाडांचा सापळा झालेल्या त्या माणसापुढं एक बाई खिरीची वाटी घेऊन आली, त्यानं ती खाल्ली, अंगात बळ आलं, मग तो झाडाखाली बसला. म्हणून आपण खीर करतो. तू चुलीपाशी भाकरी थापत म्हणालीस, "मंजी उपाशी मानसाला ग्यान व्हत न्हाई, असंच ना? मंग ह्या सालात आपल्याला कुटलं व्हनार?" दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुझ्या बोलण्यावर त्यांच्याइतकं मनापासून पुन्हा कुणी हसलं नाही.

पांढऱ्याचा वाद मात्र हसण्यावारी गेला नाही. गृहस्थानं पुनवेला पांढरं नेसून वंदनेला बसायचं, अशी रीत दीक्षेपासून वस्तीत सांगितली जात होती. पुरुष पांढरे सदरे घालायचे. बायका "हाव हाव" म्हणायच्या आणि आपलं हिरवं-तांबडं नेसून यायच्या, कारण नवरा जिवंत असताना पांढरं अंगाला लावायचं म्हणजे काळीज लटलट कापायचं त्यांचं. त्या साली दादा कामासाठी नांदेडला गेले आणि येताना तुझ्यासाठी पातळ घेऊन आले, कोरं पांढरं, बारीक निळ्या काठाचं. आजीनं ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. म्हातारीचे पाय माहूरच्या देवीला जायचे थांबले होते, जीभ थांबली नव्हती. "आरं भाड्या, जित्तेपनी बायकूला रांडव करतूस का?" दादा शांतपणे म्हणाले, "आये, देव बदलला, धरम बदलला, आन एका लुगड्याला भेऊन बसायचं व्हय?" तू बाजूला उभी राहून पातळाचा काठ चाचपत होतीस. मग म्हणालीस, "मी नेसते. पर ह्या टँकरच्या पान्यात धुतलं तर पांढरं ऱ्हाईल का ते?"

हे एवढंच बोललीस तू. वस्तीतल्या सगळ्या बायकांचं तेच रडगाणं होतं, गढूळ पाण्यात पुरुषांचे सदरे पिवळे पडत होते, पुनव तोंडावर आली होती. म्हणून बाप्या माणसांनी ठरवलं, वस्तीच्या आडातला गाळ काढायचा. खाली एक झरा आहे असं जुनी माणसं सांगायची. कामावरून आल्यावर रोज उरलेल्या उजेडात दादा आत उतरायचे, वरून टोपली ओढली जायची. आणि झरा लागला गं! पुनवेच्या आदल्या दिवशी पहिली घागर आली, नितळ, तळ दिसणारी. वस्तीतल्या पोरांनी त्या घागरीभोवती नाच केला. तू त्या पाण्यात पातळ धुतलंस आणि पोपडे निघालेल्या भिंतीला लागू नये म्हणून खाटेवर वाळत घातलंस.

सकाळी तू ते नेसलीस. मी तुला ओळखलंच नाही क्षणभर. दादा दारात उभे राहून नुसते बघत होते, आजी तोंड फिरवून बसली होती. तुझं बघून आणखी दोघी-तिघींनी पेट्यांतून पांढरं काढलं. सकाळच्या वंदनेला त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, आणि तू ज्वारीच्या कण्यांची गूळ घातलेली खीर मोठ्या पातेल्यात चढवलीस. दूध होतं थोडंसंच, पाणीच जास्त लागणार होतं. झरा पुन्हा गाळानं बुजला होता. "मी बगून येतो," म्हणून दादा उतरले. दुपारी आडाची एक कड खचली. तू चुलीपुढून धावलीस ती हातात उलथनं घेऊनच. पांढरं पातळ, त्याच्यावर गुळाचे शिंतोडे, आणि तू काठावर बसून आत बघतेस. कुणीतरी तुला मागं ओढतंय. पुढचं मला लिहायचं नाही. संध्याकाळी त्यांना वर काढलं.

आजीनं सगळ्या वस्तीसमोर तोंड उघडलं. "नेसलीस पांढरं? झालं का मनासारकं?" तू घरात गेलीस, तुझं ते विटकं हिरवं नेसून बाहेर आलीस, आणि हातातलं पांढरं पातळ दादांच्या अंगावर घातलंस. वंदना घेणारे आपले गुरुजी म्हणाले, बाई थांबा, अहमदपूरहून नवं कापड आणायला माणूस पाठवलाय. "ह्ये कोरंच हाय," तू म्हणालीस, "सकाळीच नेसलंय." गुरुजी भला माणूस. तुला धीर द्यावा म्हणून म्हणाले, "पुण्यवान होता. भगवंताचं महापरिनिर्वाण याच पुनवेला झालं." तेव्हा तू मान वर केलीस. "तथागत ऐंशी वर्सांचे व्हते, गुरुजी. ह्याची पस्तिशीबी सरली न्हवती." मग चुलीकडे हात करून म्हणालीस, "खीर तशीच पडलीय. लेकरायला वाढा. उपाशीच हायेत ती." आम्ही ती खीर खाल्ली, माय. भूक लागली होती.

पाऊस झाल्यावर तो आड भरला. पुष्कळ जणांनी ते पाणी तोंडाला लावलं नाही, लांबच्या हातपंपावर जायचे. तू पहिली घागर बुडवलीस. शेजारणीनं "कसं पिववतंय गं तुला?" असं विचारलं तर तिच्यावर केवढी उखडलीस! "प्यायचं न्हाई तर मंग त्यो गेला कामून?" मी तिथंच होते. त्या रात्रीपासून मीही तेच पाणी प्यायला लागले.

आणि पुढच्या वर्षीची पुनव. सकाळी आजी एक पांढरं लुगडं घेऊन आली, "आता नेस बाई, आता तुला कोन अडवनार." तिच्या मागोमाग गुरुजी आले, वस्तीनं वर्गणी करून तुझ्यासाठी घेतलेली पांढरी साडी घेऊन. "आजच्या दिवशी पांढरंच नेसायचं असतं, बाई. धम्माची रीत आहे." तू दोघांकडं बघितलंस, आणि हसलीस की काय असं मला वाटलं. "वा! जुनी वाट आन नवी वाट एकाच दारात आली की. गुरुजी, माजं पांढरं त्याच्यासंगं गेलं. आता मी पांढऱ्यात बसले तर लोक मनतील, रंडकी हाय मनून पांढऱ्यात हाय. मला रंडकी मनून वंदनेला बसायचं न्हाई. त्याची बायकू मनून बसायचं हाय." आणि तू तेच हिरवं नेसून, हातभर बांगड्या घालून, सगळ्या पांढऱ्या ओळीत पहिल्या रांगेत जाऊन बसलीस. दर पुनवेला. आता वस्तीतल्या बायका न भिता पांढरं नेसायला लागल्या होत्या, रीत तुझ्यापासूनच सुरू झाली होती, आणि रंगीत तेवढी तू एकटी. लोकांनी नावं ठेवली, मग दमले आणि सोडून दिलं.

शेवटी दवाखान्यात माझा हात धरून म्हणालीस, "मी गेले की मला पांढरं घाला. तवा त्याचं आन माजं सारकं व्हईल." तसंच केलं आम्ही. निळ्या काठाचं मिळालं नाही, हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

आता माझं ऐक. इथं कुणी मला अपशकुनी म्हणत नाही. शिकलेली माणसं आहेत, बौद्धांत असलं काही नसतं असं व्यासपीठावरून सांगतात, मीही सांगितलंय. पण मागल्या महिन्यात शेजारच्या बाळाच्या बारशाला गेले, तर कुंकवाची कुयरी घेऊन आलेली पोरगी माझ्यापाशी थबकली, आईकडं बघितलं, आणि पुढं गेली. तिची आई मला बसा बसा म्हणत पेढ्यांचं ताट घेऊन आली. पेढेच पेढे! असा राग आला मला, पण मुकाट पेढा उचलला आणि तोंडात टाकला. घरी आले आणि मोरीत उभी राहून रडले. तू असतीस तर त्या कुयरीत स्वतः बोट घालून कुंकू लावलं असतंस आणि वर त्या पोरीच्या गालाला चिमटा काढला असतास.

म्हणून सकाळपासून कपाटातल्या हिरव्या साडीकडं बघते आहे. उद्या ती नेसावी, पहिल्या रांगेत बसावी, तुझी लेक शोभावं. सगळ्यांना तेच बरोबर वाटेल, मलाही वाटतं. पण आत्ताच सुनेला हाक मारली आणि सांगितलं, पांढरीच काढ गं. कडक इस्त्री कर.

तू लपली नाहीस, माय. मला लपायचंय. एरवी सगळ्या मला वेगळी काढतात, उद्या एक दिवस तरी सगळ्या माझ्यासारख्या दिसतील.