जबानीतला एक शब्द

ह्युऑन खोरं, टास्मानिया
३ मार्च १९६१

ती. उनाताईस,
सा. न. वि. वि.

सफरचंदं उतरवायला आलीत, अख्खं गाव बागांत आहे. मी शाळेच्या खानावळीतच कामाला. तू जन्मभर मास्तरीण होतीस म्हणून विचारते, हसू नकोस. ‘स्कल्किंग’ म्हणजे गं काय?

क्लाइवपासून वेगळ्या झालेल्या बेरिलवहिनीच्या वकिलाने माझी जबानी घेतली. आपला क्लाइव मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणाबाहेर झुडपाआड उभा राहून रोंडाला बघतो, एवढंच मी सांगितलं. टाइप होऊन आलं त्यात तो ‘स्कल्किंग’ करत होता असं आहे. मी सही केली. मंगळवारी, चौदाला, बापाला लेक भेटू द्यायची की नाही ते कोर्ट ठरवणार.

लोभ आहे, तो असू दे.
तुझी मर्ल

होबार्ट, ६ मार्च

चि. मर्लीस अ. आ.

हसले नाही. लपाछपी खेळणाऱ्या पोरांना तो शब्द कुणी लावत नाही. मनात काळंबेरं ठेवून दबा धरणाऱ्याला लावतात. मेंढ्यांभोवती घुटमळणाऱ्या चुकार कुत्र्याला लावतात. सख्ख्या भावाला तू त्या रांगेत बसवलंस. तो आडोशाला का उभा राहायचा, हे तुला ठाऊक असेल तर कोर्टात जाऊन सांग. अर्थ कळला नव्हता हेही सांग. लाज वाटेल, वाटू दे.

रागावले तरी माया आहेच.
उना

ह्युऑन खोरं, १५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

गेले. सांगितलं की पहिल्या दिवशी रोंडाने बापाला पाहिलं आणि कुंपण धरून इतकी रडली की बाईंना तिला उचलून वर्गात न्यावं लागलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून तो झुडपामागे जायचा. हे मी वकिलालाही सांगितलं होतं, त्याने लिहिलं नाही. न्यायाधीशांनी विचारलं, मग सही का केलीत. म्हटलं, शब्द कळला नाही आणि विचारायची लाज वाटली. मागे कुणीतरी हसलं.

त्यांनी तो शब्द खोडायला लावला. दर शनिवारी दोन तास भेट मिळाली, तीही बेरिलच्या आईसमोर.

बाहेर क्लाइव वाट बघत होता. मला वाटलं, आभार मानेल. त्याने विचारलं की झुडपामागे उभा राहण्याचं कारण जबानीत नाही, हे सही करताना तुला दिसलं होतं का. मी हो म्हणाले. त्याने टोपी घातली आणि एकटाच बसकडे गेला.

तू तरी पत्र पाठवत राहा.
मर्ल