आमचं गाव, म्हणे

तीर्थरूप आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. शिवणखात्यात आता मला खिडकीजवळचं मशीन मिळालंय, दिवसभर छान उजेड असतो. तुझे गुडघे काय म्हणतात?

परवा फोनवर वहिनी मला समजावत होती, "आमच्या गावात संध्याकाळी नदीकाठानं जायचं नसतं हं वन्सं, चिलटं फार!" आमच्या! लग्न होऊन आली तेव्हा हिला बाजारात जायलासुद्धा माझी सोबत लागायची. आता बेकरीवाले काका माझी खुशाली तिला विचारतात, आणि मी पाहुणी. नुसता जळफळाट झाला माझा.

बरं, त्या गावाला नावं ठेवतच तर मी निघाले होते. पण काल शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "तुमच्याकडची माणसं भारी भांडखोर." मी तिच्याशी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत भांडले.

हे पत्र तुला वहिनीच वाचून दाखवणार, ठाऊक आहे मला. तर वहिनी, आता थांबू नकोस, मोठ्यानं वाच. मी सुट्टीत येतेय. स्टेशनवर दादाला पाठवू नकोस, तूच ये. घरी जाताना बेकरीवाल्या काकांकडे थांबू, आणि तू त्यांना सांग, ही आपल्याच गावची आहे.

तुझी भांडखोर लेक