तेरा नंबरची जर्सी

अण्णा, साहेबांनी तुमच्यावर राग धरला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाल्हाळाची सवय आहे, आणि मध्येच छातीत काही झालं तर मुख्य गोष्ट राहून जायची. परवा तुमची पणती, म्हणजे माझी नात, गोमती नगरहून आली आणि तिने मोबाइलवर सगळं वाचून दाखवलं. त्यानंतर मी तिला तीनदा फोन केला, नीट वाचलंस ना म्हणून. ती म्हणाली, "आजोबा, दसवीं बार पूछोगे तो भी वही लिखा रहेगा. अब चैन से चाय पियो ना, यार!" तुमच्यापुढे मी असं 'यार' म्हटलं असतं तर? पण असू दे. पोरीने काम मोठं केलं.

तुमच्या लखनौच्या रेल्वे कारखान्यातले ते फोरमन साहेब मी पाहिलेलेच नाहीत. त्यांचं सगळं मला तुमच्या तोंडून माहीत. कुणी त्यांना अंग्रेज म्हटलं की ते लालबुंद व्हायचे, "हम अंग्रेज नहीं, हम वेल्स का आदमी!" तुम्ही ही नक्कल करायचात तेव्हा आई पदराआड हसायची. त्यांच्या गावात कोळशाची खाण, आणि खाणकामगारांनीच काढलेला रग्बीचा क्लब. मैदान असं उताराचं की अर्धा सामना चढावर खेळायचा आणि अर्धा उतारावर. आधी मेंढ्या हाकलायच्या, मग रेघा मारायच्या. कपडे बदलायला दारूच्या दुकानाची मागची खोली. हे तुम्ही असं सांगायचात की मला वाटे, तुम्ही तिथे राहून आला आहात. साहेबांनी त्या क्लबच्या जुन्या जर्सी मागवून कारखान्यातल्या पंधरा जणांना दिल्या आणि अंड्यासारखा चेंडू घेऊन पळायला शिकवलं. सगळं लखनौ हॉकी खेळत होतं आणि तुम्ही, भुसावळहून आलेले फिटर, चिखलात लोळत होतात.

साहेब मायदेशी गेल्यावरही दर हिवाळ्यात त्यांचं पत्र यायचं. मी सातवीत होतो तेव्हाच्या पत्रात लिहिलं होतं, क्लबचा इतिहास लिहायला घेतलाय, त्यात लखनौचा संघही घालायचा आहे, फोटो पाठवा आणि नंबराप्रमाणे नावं कळवा. तुम्ही हजरतगंजला जाऊन फोटोची नवी प्रत काढून आणलीत, कोपरा दुमडू नये म्हणून शर्टाच्या आत धरून. मग स्वयंपाकघरात पाटावर बसून मला नावं सांगू लागलात. आई भरताची वांगी भाजते आहे, धुराने माझे डोळे चुरचुरताहेत, आणि तुम्ही म्हणता, "बारा झाले. आता चौदा. चौदा मी." मग पंधरा, मग सोळा. मी मान खाली घालून लिहितो आणि मनात म्हणतो, अण्णा चौथी शिकलेले, तेरा विसरले. विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत सुवाच्य अक्षरात यादी पुन्हा उतरवली, एक ते पंधरा, अगदी ओळीत. तुमचं नाव तेरावर आलं. पाकीट डकवून टपालात टाकूनही आलो.

शनिवारी दुपारी जेवताना मीच फुशारकी मारली. "अण्णा, तुमची मोजणी चुकली होती. मी दुरुस्त केली."

"काय दुरुस्त केलंस?"

मी सांगितलं. तुमचा घास हातातच राहिला. त्या क्लबात तेरा नंबर कुणी घालत नाही, तुम्ही म्हणालात. तो साहेबांच्या थोरल्या भावाचा नंबर. तो खाणीत उतरला तो वर आलाच नाही, तेव्हापासून ती जर्सी घडी करून ठेवलेली आहे. साहेबांनी लखनौतही तोच रिवाज पाळला, आम्हीही पाळला. "आणि त्या आकड्यावर तू माझं नाव घातलंस." तुम्ही हात उगारला नाहीत. एवढंच म्हणालात, "विचारायचं होतंस रे. मी इथेच तर बसलो होतो."

मग तुम्ही सायकल काढलीत आणि मला पुढच्या दांडीवर बसवून चारबागला डाकेच्या ऑफिसात नेलंत. तिथला बाबू पान चघळत म्हणाला, "अरे भाईसाहब, थैला तो कल ही निकल गया. अब क्या हम रेल के पीछे दौड़ें?" तुम्ही म्हणालात, "पीछे दौड़ना तो हमको आता है." तो हसला. तुम्ही हसला नाहीत. संध्याकाळी दुसरं पत्र लिहवून घेतलंत, चूक मुलाची आहे, माझा नंबर चौदा, माफी असावी. त्यालाही उत्तर आलं नाही. पुढच्या हिवाळ्यातही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुम्ही पोस्टमनला विचारायचात, "बाहर का कुछ?" आणि मी आत जाऊन बसायचो. मला एका शब्दाने कधी बोलला नाहीत, तेच वाईट झालं. त्या दिवसापासून मी कुलूप तीनदा ओढून पाहतो, फॉर्म चौघांना दाखवून भरतो, बायको त्याला आजार म्हणते.

नातीने त्या गावाचं नाव घालून शोधलं तर क्लबचा सगळा इतिहास निघाला. खाण बंद पडली, क्लब चालू आहे. लखनौचा फोटो आहे, आणि तुमच्या नावापुढे चौदा आहे. अण्णा, चौदा! तिने तिथे लिहून विचारलं, तर क्लबच्या चिटणीस बाईंचं उत्तर आलं. आपलं पहिलं पाकीट पोहोचायच्या आठवडाभर आधी साहेब वारले होते. दोन्ही पाकिटं त्यांच्या पत्नीने न फोडता पेटीत ठेवली. पुष्कळ वर्षांनी नातवंडांनी ती पेटी क्लबला दिली, तेव्हा ती उघडली गेली, आणि दुसरं पत्र वाचून त्यांनी यादी सुधारली. म्हणजे साहेबांनी ते तेरा पाहिलंच नाही. ते गप्प बसले ते रागाने नव्हे.

त्या रात्री मी कुलूप एकदाच ओढलं आणि झोपलो.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, नातीला तर नाहीच, कारण एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. साहेब आधीच वारले होते हे तिने वाचलं तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "सो सैड ना, आजोबा." मी मान हलवली. पण मला आनंद झाला होता, अण्णा. एक भला माणूस वेळेत मेला, याचा आनंद.