तळाचा तांब्या

११ मार्च
चिरंजीव प्रकाशने बसवकल्याणच्या शेतातल्या घरामागे पोहायचा पूल बांधला आणि हैदराबादला परत जाताना सगळं माझ्या गळ्यात टाकलं. म्हणे, अप्पा, तुम्ही रिटायरच आहात. गणिताचा मास्तर पाण्याचा राखणदार झाला. आज बोअरचं पाणी भरलं. स्वच्छ. मी खूश.
सौ.चे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय. म्हटलं, चल. दारातूनच म्हणाली, "तुमच्या हौदात मी उतरणार न्हाई."
जास्त विचारलं नाही. ठाणाकुशनूरला, तिच्या माहेरी, धाकटा भाऊ नागनाथ विहिरीत बुडून गेला. ती तेव्हा परकरी पोर. नदीला गेलो तरी पाय ओला करत नाही.

१२ मार्च
गावच्या विहिरीत टाकतात तशी ब्लीचिंग पावडर काल मुठीने फेकली. सकाळी पाणी चहासारखं! प्रकाशला फोन. म्हणतो, पाण्यात लोह आहे, पावडर पडली की त्याचा गंज होतो. आपली तांबडी जमीन, दुसरं काय.
शेजारचे शिवराजअप्पा कुंपणावर रेलून सल्ला देतात, "मास्तर, चार मासळ्या सोडा की. आमच्या हिरीत हाईत. पाणी आपसूक साफ राहतंय."
क्लोरीनमध्ये मासळी! म्हटलं, सोडतो, मग कालवण खायला तुम्हीच या.

१५ मार्च
तुरटी टाकली. पंप बंद करायचा राहिला. गाळ खाली बसायच्या ऐवजी घिरट्या घालतोय. सौ. खिडकीतून: "घागरीत तुरटी फिरवल्यावर घागर हलवायलाव का आपण?"
पंप बंद. मीही गप्प.

१७ मार्च
गाळ बसला. पाइपने ओढून बांधाकडे सोडला. कंबर धरली. पण पाणी निळं झालं, थोडं धुकट.
सौ. आली. बराच वेळ काठावर. मग घरात जाऊन पितळी तांब्या घेऊन आली. तिच्या माहेरचा. नागनाथच्या बारशाला मामांनी दिलेला, वर बोटभर अक्षरांत कोरलंय: चि. नागनाथ. दोरीला बांधून खोल टोकाला सोडला आणि नाव वर येईल असा फिरवून ठेवला.
"काठावरनं ह्ये नाव वाचता आलं तर उतरते. न्हाईतर न्हाई."
मी चष्मा पुसून पाहिलं. तांब्या आहे एवढं कळतं. नाव नाही.

२ एप्रिल
रोजचं काम आता अंगवळणी. सकाळी पाण्याचा नमुना, त्यात थेंब, रंग बघायचा. पिवळा फिका झाला की क्लोरीन कमी. मग जाळीने कडुलिंबाचा मोहोर काढणे. मोहोर थांबत नाही, मीही थांबत नाही.
पाण्यात घालायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी ठेवली होती. सौ.ला माहितीपत्रक वाचून दाखवत होतो, ही दोन एकत्र आली की विषारी वायू होतो. पुरतं ऐकलंही नाही. उठली, पावडर एका खोलीत, ॲसिड दुसऱ्या खोलीत, दोन्ही किल्ल्या कमरेला.
पाण्याकडे जायच्या दाराची कडीही तिने वर बसवून घेतली. शिवराजअप्पांची नातवंडं हिंडत येतात, त्यांचा हात पुरायला नको. पाण्याला पाय न लावणारी ही बाई माझ्यापेक्षा चांगली राखण करते. तोंडावर म्हणालो. "व्हय, व्हय, च्या घ्या," म्हणाली.

२० एप्रिल
तांब्या क्लोरीनने काळा पडतो. सौ. संध्याकाळी बाहेर काढते, चिंचेने लख्ख करते, सकाळी पुन्हा खाली. एक दिवस चुकत नाही.
आज पंप बंद केल्यावर मला "चि. नाग" एवढं वाचता आलं. मी आनंदाने ओरडलो. तिने वाकून पाहिलं. "नाथ कुठं हाय?" ही परीक्षक असती तर माझ्या वर्गातलं एकही पोर पास झालं नसतं.

४ मे
प्रकाश, सूनबाई आणि नात तन्वी आले. पोरगी आल्या आल्या पोहायचा पोशाख घालून तयार. आणि दुपारी वावटळ! नांगरलेल्या शेताची माती उचलून नेमकी पाण्यात. दोन महिन्यांचं काम...

५ मे
पाणी गढूळ. तांब्याही दिसेना. तन्वी रडकुंडीला. प्रकाश म्हणाला, क्लोरीन बरोबर आहे, मातीनं काय हुतंय, मी सोबत उतरतो.
सौ. दारात आडवी उभी. "तळ दिसंना. कोणीबी उतरायचं न्हाई."
"आई, कामून हट्ट करायलीस? लेकरू किती दिवस वाट बघायलंय!" आवाज चढला त्याचा.
तिने आवाज चढवला नाही. सावकाश बोलली, जसं ऐकलं तसं लिहून ठेवतो.
"माझा नाग्या दिसभर त्या हिरीतच होता. पाणी असंच गढूळ. आई हाका मारायली, आन् आमी समदे शेतात हुडकायलाव. मी सोता दोनदा त्या हिरीत वाकून बघितलं, प्रकाश. मला दिसला न्हाई."
तन्वीचं रडं थांबलं.
भाऊ बुडाला हे मला माहीत होतं. ती वाकून बघून आली होती, हे नव्हतं. हे पोटात ठेवून हिने विहिरीचं पाणी शेंदलं, या प्रकाशला न्हाऊ-माखू घातलं, आणि आम्हाला कधी कळू दिलं नाही. केवढी बाई आहे ही. मी नुसता शेजारी राहत होतो.
प्रकाशने शर्ट काढला, ब्रश उचलला आणि भिंती घासायला लागला.

७ मे
तुरटी. या वेळी पंप आधी बंद. सगळे वाट बघतोय. प्रकाश दर तासाला जाऊन डोकावतो. पूर्वी निकालाच्या दिवशी असंच करायचा.

९ मे
सकाळी वारा नव्हता. गाळ ओढून झाला, थेंबांचा रंग बरोबर आला. सौ.ने चष्मा लावला, काठावर वाकली आणि मोठ्याने वाचलं, "चिरंजीव नागनाथ."
कडी तिनेच काढली. तन्वी बापाबरोबर उतरली. ही काठावर बसून पोरीवरची नजर हलवेना. पोरगी दमून बाहेर आल्यावर मग पदर खोचला. माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. एक पायरी. दुसरी. तिसरीवर पाणी गुडघ्याला लागलं.
"गार हाय," म्हणाली. मागे फिरली नाही. तिथेच उभी राहिली, तन्वीने पुढे उतरायला हाका मारल्या तरी. मला भरून आलं. आलं तर आलं.
संध्याकाळी तांब्या काढायला आज मी दोरी धरली.
"ऱ्हाऊ द्या त्येला."
"काळा पडंल की गं."
"पडू द्या. मी जाऊन आणते."
कधी, विचारलं. लुगड्याचा ओला काठ पिळत बसली. तांब्या खोल टोकाला आहे आणि ती तिसऱ्या पायरीपर्यंत आली आहे.
सकाळी पाणी तपासणे. वारा सुटलाय.