जिन्याजवळची स्कूटर

६ जानेवारी

चि. बंबोपंतांस ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हो-हो म्हणतोस आणि दुसऱ्या कानाने सोडून देतोस, म्हणून लिहायला बसले. आग विझवणाऱ्या माणसाला पत्र वाचण्याइतका वेळ मिळतच असेल. रोज काही कुणाचं घर पेटत नाही.

बाजारातल्या दुकानात चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली, तो व्हिडिओ तू पाहिलाच असशील. आमच्या इमारतीत तर सगळ्यांनी पाहिला आणि मला बोलावून बोलावून दाखवला. तेव्हापासून माझ्या स्कूटरकडे लोक पिसाळलेल्या कुत्र्याकडे बघावं तसं बघतात. जिना उतरताना बायका मुलांना भिंतीकडे ओढून घेतात. महिनाअखेरीस बैठक आहे. स्कूटर इमारतीत राहणार की जाणार, ते तिथे ठरेल, असं सेक्रेटरींनी सांगितलंय.

रक्ताचे नमुने घ्यायला मी घरोघरी जाते, तुला माहीतच आहे. म्हातारी माणसं उपाशीपोटी माझी वाट बघत बसलेली असतात. नमुन्यांचा डबा घेऊन बसच्या मागे धावत राहिले, तर लॅबला पोचेपर्यंत निम्मे वाया जातील. स्कूटर गेली की काम गेलं. आणि लाज वाटते लिहायला, पण आताशा प्लग लावला की मीच चार पावलं मागे सरते. तू मला धीर देत बसू नकोस. खरं काय ते सांग.

माया आहेच, उत्तर तेवढं धाड.
तुझी ताई

१३ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पेट्रोलच्या गाड्या मी कितीतरी विझवल्यात, त्यांचा व्हिडिओ काढायला कुणी थांबत नाही. विजेच्या फार थोड्या. सध्या लोकांचं साप साप म्हणून भुई धोपटणं चाललंय. पण बॅटरीची आग हट्टी असते, हेही तितकंच खरं. विझली असं समजून आम्ही पाइप गुंडाळतो आणि ती पुन्हा भडकते. धूर तर जीवघेणा. तेव्हा स्कूटर पेटलीच, तर कुणी शूरपणा करून पाणी ओतायला जाऊ नये. सगळ्यांनी बाहेर पडावं, लांब उभं राहावं, आम्हाला बोलवावं.

फिरून आलीस की लगेच चार्जिंगला लावू नकोस, बॅटरी निवू दे. कंपनीचाच चार्जर वापर. आणि मुख्य म्हणजे स्कूटर जिन्याजवळून हलव. बाहेर पडायची वाट मोकळी हवी. मागे आलो होतो तेव्हा जिन्याखाली सेक्रेटरींनी रद्दी आणि खोक्यांचा डोंगर रचलेला पाहिला. मला त्याची भीती जास्त वाटते, पण त्यासाठी कुणी बैठक घेत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

चिडवलंस तरी चालेल, विसरू नकोस.
तुझा बंब

३ फेब्रुवारी

चि. बंबोपंतांस आशीर्वाद.

जिंकलो! तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. अग्निशमन दलाचा माणूस सांगतोय म्हटल्यावर सगळ्यांना पटलं. स्कूटर राहिली. जागा मात्र बदलून मिळाली नाही, प्लग तिथेच आहे म्हणे. रद्दीही उचलतो म्हणाले. उचलतील तेव्हा खरं. तुझ्या पत्रातलं एवढंच सेक्रेटरींनी मोठ्या अक्षरांत लिहून जिन्याजवळ लावलंय, की पाणी ओतू नका, बाहेर पडा.

सगळ्यांत जास्त घाबरल्या होत्या पहिल्या मजल्यावरच्या घड्याळकाकू. त्यांनी ते पाठच करून टाकलं. काका पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता दोन्ही गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे. माझं एवढं ऐकलं असतंस तर संसार किती सोपा गेला असता, असं म्हणून काकूंना छळतात. काल दोघांनी मला बसवून चहा पाजला. मला फार बरं वाटलं रे.

तुझ्यावर खूश असलेली,
ताई

२० फेब्रुवारी

चि. भाऊस आशीर्वाद.

घड्याळकाका गेले.

त्या दिवशी नमुने घ्यायचे नव्हते, म्हणून मी बसनेच लॅबमध्ये गेले होते. स्कूटर खाली उभी होती, प्लगही लावलेला नव्हता. काकू खालच्या नळावर पाणी भरत होत्या, त्यांनाच आधी जिन्यातून धूर दिसला. त्यांनी ओरडून सगळ्यांना बाहेर बोलावलं. काकांनाही हाक मारली, आलो म्हणून त्यांनी ओ दिली. माणसं उतरली, काका उतरेनात. मग धूर दाटला. काकू परत आत निघाल्या तर लोकांनी त्यांना घट्ट धरून ठेवलं, बॅटरी फुटेल म्हणून. कुणीच आत गेलं नाही. काका जिन्याच्या वळणापर्यंत आले होते.

इथल्या तुमच्या दलाच्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, की कुणीतरी जळती सिगरेट रद्दीत टाकली. आग तिथलीच. स्कूटरचा एका बाजूचा रंग उडालाय, बॅटरीला धक्काही नाही. सुरुवातीला कुणी बादलीभर पाणी ओतलं असतं तरी तिथेच संपलं असतं, असं तो म्हणाला.

इमारतीत मात्र स्कूटर पेटली असंच सगळे म्हणतात. मला बघून दारं लावून घेतात. तू ये रे. तुझं ऐकतील.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी बॅटरीसाठी लिहिलं होतं ताई, रद्दीसाठी नाही. दोन्हींतला फरक त्यांना समजावून द्यायला हवा होता, ते मला सुचलं नाही.

तिथल्या अधिकाऱ्यांशी बोललो. अहवालात रद्दी आणि सिगरेट असंच येणार आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुट्टी काढून येतो. सगळ्यांना खाली बोलावून एक-एक गोष्ट सांगतो. हे खोटं असंच पसरत राहिलं, तर उद्या आणखी कुठेतरी लोक स्कूटरकडे बघत बसतील आणि जळेल भलतंच. शिवाय तुझ्या पोटाचा प्रश्न आहे. तुझी काही चूक नसताना तू मान खाली घालून का जगायचं?

धीर धर, मी आहे.
तुझा भाऊ

२ मार्च

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

रविवारी येऊ नकोस. रागावशील, पण आधी पुरतं वाच.

स्कूटर मी काल देऊन टाकली. लॅबने पायी जाण्यासारखी घरं माझ्याकडे ठेवली, बाकीची काढून घेतली. कसं भागेल ते बघू. अहवाल सेक्रेटरींकडे येईल. रद्दी त्यांचीच, ते काही तो वाचून दाखवायचे नाहीत. तुला जगभर सांगायचं आहे ते सांग, तुझं म्हणणं सोळा आणे खरं आहे. या इमारतीत तेवढं नको.

काकूंना चक्कर येते, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. नमुना घ्यायला मीच गेले. दार उघडतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. मी सुई घातली आणि त्या बोलायला लागल्या. म्हणाल्या, धूर दिसला तेव्हा भरलेली बादली हातातच होती. ओतावी असं मनात आलंही होतं. मग तुझ्या भावाचं आठवलं आणि खाली ठेवली. त्याने सांगितलं होतं अगदी तस्संच केलं बघ, म्हणाल्या.

माझी मान वर होईना. सुई काढली, कापूस दाबून धरला. त्यांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट पकडलं आणि विचारलं, की ती तुझी स्कूटरच होती ना, पाणी ओतलं असतं तर आणखी भडकली असती ना?

भाऊ, मी हो म्हटलं.

राग गिळ, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई