मिशिगनचं हरीण, विस्कॉन्सिनचं लायसन

पेल्को कॉर्नर, मिशिगन,
९ डिसेंबर

ती. हिल्माताईस,

धाकट्या आर्विडचा वाकून नमस्कार. (वाकून हे फक्त लिहिण्यापुरतं. नवा गुडघा अजून वाकायला राजी नाही.) तुझी कंबर कशी आहे? रेइनोदाजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. आता त्यांना पत्त्यांत हरल्यावर दिसलं नाही असं म्हणता येणार नाही. तुम्ही फ्लोरिडात डिसेंबरात अनवाणी हिंडता म्हणे. इथे अंगणात मांडीपर्यंत बर्फ आहे आणि वाफेच्या सौनाच्या दारापर्यंत वाट काढायलाच अर्धी सकाळ जाते. बाकी सर्व क्षेम.

सर्व क्षेम म्हणजे तसं नाही. आपल्या गावातल्या सिल्वियानं तुला फोन केला हे मला कळलं. मला अटक झाली, बाबांची बंदूक जप्त झाली आणि मी कोर्टात रडलो, असं तिनं सांगितलं म्हणे. अटक झाली नाही. कोर्टात मला सर्दी झाली होती. बंदुकीचं मात्र खरं आहे, आणि ते तू दुसऱ्याच्या तोंडून ऐकावंस याची मला लाज वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितो.

गेल्या जानेवारीत गुडघा बदलल्यावर आमचा कार्ल मला विस्कॉन्सिनला त्याच्या घरी घेऊन गेला, हे तुला माहीत आहेच. तुझी भावजय लेंपी गेल्यापासून तीन वर्षं तो मागे लागला होता. गुडघ्यानं त्याला निमित्त दिलं. सप्टेंबरपर्यंत तिथे होतो. सूनबाई मेगन मनानं फार चांगली. तिच्या घरात मीठ नाही एवढंच. (औषधासारखं एका कपाटात ठेवलेलं असतं आणि कपाट उंच आहे.) तर मे महिन्यात माझं गाडीचं लायसन संपत होतं. ते नवीन करायला इकडे पाच तास गाडीनं येण्यापेक्षा मी तिथेच, कार्लच्या पत्त्यावर, विस्कॉन्सिनचं लायसन काढून टाकलं. फोटो चांगला आला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गाडी तीच, चालवणारा तोच, रस्तेही सरळच.

सप्टेंबरात घरी आलो. ऑक्टोबरात दरवर्षीप्रमाणे बर्निसच्या दुकानात हरणाचा परवाना काढायला गेलो. ही बर्निस म्हणजे गळ, खिळे आणि शिकारीचे परवाने एकाच गल्ल्यावर विकणारी. तिनं मला काही विचारलंच नाही. इतकी वर्षं विचारलं नाही तर आताच काय विचारायचं, म्हणून तिनं माझी माहिती तोंडपाठ भरली: उंची, डोळ्यांचा रंग, माझं लग्न झालं तेव्हाचं वजन, आणि "मिशिगनचा रहिवासी". परराज्यातल्या माणसाचा परवाना वेगळा असतो आणि कितीतरी महाग असतो, हे मला ठाऊक आहे. परराज्यातला माणूस म्हणजे शिकागोहून नवे कोरे बूट घालून येणारा आणि जंगलात आपल्यालाच रस्ता विचारणारा. मी स्वतः तो असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पंधरा नोव्हेंबरला पहाटे बाबांच्या जुन्या, शिकारीच्या लपणात जाऊन बसलो. गुडघा कुरकुरत होता. नऊच्या सुमारास देवदारांतून तो आला, शिंगांना आठ टोकं असलेला नर, मानेला जाड, एक एक पाऊल बर्फात तपासून टाकणारा. ताई, मला वाटलं होतं की लेंपी गेल्यावर माझ्यात हे उरलेलं नसेल. गेली दोन वर्षं मी लपणात बसून कॉफी पिऊन घरी यायचो. बंदूक उचलावीशीच वाटायची नाही. त्या दिवशी उचलली. एकाच गोळीत पडला. मी त्याच्याजवळ जाऊन बराच वेळ नुसता बसलो होतो. मग परवान्याचा टॅग लावला आणि ओढायला सुरुवात केली तेव्हा कळलं की गुडघ्याचा डॉक्टर कशाकशाला नको म्हणाला होता.

दुपारी तो गॅरेजसमोर टांगला. अर्धं गाव बघून गेलं. शेजारी व्हर्न ट्रेलोरही आला. (तोच, शाळेत तुझ्या वेणीला डिंक लावणारा.) त्याचं आणि माझं चाळीस वर्षं एकाच गोष्टीवरून चाललंय: बाबांचं लपण त्याच्या हद्दीत हातभर शिरलंय असं त्याचं म्हणणं आहे. त्यानं हरणाभोवती एक फेरी मारली, "बरा आहे" म्हणाला आणि गेला. मी कार्लला फोटो पाठवला.

चौथ्या दिवशी शिकारखात्याची वॉर्डन दारात. कायला स्कुबिक, म्हणजे म्हाताऱ्या अँटन स्कुबिकची नात. सव्वीस वर्षांची, फार अदबीची मुलगी. टॅग बघितला, परवाना बघितला, सगळं ठीक. मग म्हणाली, ओळखपत्र दाखवता का, नियम आहे. मी पाकिटातून लायसन काढून ऐटीत पुढे केलं. तिनं ते बघितलं, परवाना बघितला, मग पुन्हा ते बघितलं.

"आर्विडआजोबा," ती म्हणाली, "तुम्ही राहता कुठे?"

"तू कुठे उभी आहेस?" मी म्हणालो.

"मी तुमच्या अंगणात उभी आहे. पण या कार्डाप्रमाणे तुम्ही इथे पाहुणे आहात."

ताई, बाबांनी बांधलेल्या गॅरेजपुढे मी पाहुणा. तिलाही वाईट वाटत होतं. पण तक्रार वरून आली होती, तिचा इलाज नव्हता. हरीण जप्त, बंदूक जप्त, आणि न्यायाधीशांपुढे तारीख. गुन्हा ठरला तर तीन वर्षं शिकार बंद. मी अडुसष्ट वर्षांचा आहे, तीन वर्षं म्हणजे काय ते तूच मोज. त्यातही हरीण तिला एकटीला गाडीत चढवता येईना. माझा गुडघा असा. शेवटी पुढचे पाय तिनं धरले, मागचे मी, आणि मधला भार व्हर्ननं उचलला, जो त्या वेळी कुंपणापाशी सहज उभा होता. माझंच हरीण मीच जप्त करून दिलं, वर तिघांना कॉफी केली.

व्हर्न सहज उभा होता, हे माझ्या डोक्यातून जाईना. तक्रार त्याचीच, यात मला काडीची शंका राहिली नाही. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. (त्याला ते कळायला आठवडा लागला, तसं आम्ही एरवीही फारसं बोलत नाही.) मग चिडून आमच्या दोघांच्या सामाईक वाटेवर एक भूर्जाचं झाड आडवं पाडलं, की जा आता लांबून. झाड पडल्यावर लक्षात आलं की माझी गाडी पलीकडे जंगलाच्या बाजूला राहिली. त्या गुडघ्यानं दीड मैल बर्फातून चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी व्हर्न करवत घेऊन आला, झाड कापलं, लाकडं माझ्याच शेडमध्ये रचली आणि गेला. मी म्हटलं, मन खातंय लेकाचं.

गेल्या शुक्रवारी तारीख होती. न्यायाधीश रूथ मॅकेल्वी, चष्म्यावरून बघणाऱ्या बाई. माझ्या बाजूनं बोलायला गाव लोटलं होतं, आणि त्यांनीच मला जवळजवळ बुडवलं. बर्निसनं छातीठोकपणे सांगितलं की परवाना देताना तिनं पत्ता विचारलाच नव्हता, त्यामुळे न्यायाधीशबाईंनी आधी तिच्याबद्दलच काही टिपून घेतलं. पाद्री लुंडीनना विचारलं की आर्विड कांगस इथेच राहतात का. सत्यवचनी माणूस. म्हणाले, गेली अकरा वर्षं रविवारी मला ते चर्चमध्ये दिसलेले नाहीत, तेव्हा ते कोणत्या राज्यात राहतात हे मी शपथेवर कसं सांगू. पोस्टातली लॉरा म्हणाली की त्यांची पत्रं मीच विस्कॉन्सिनला पाठवत होते, आठ महिने, एकही चुकलं नाही. मी डोकं धरलं.

मग व्हर्न उठला. मला वाटलं, आता संपलं.

"गेल्या हिवाळ्यात याच्या छपरावरचा बर्फ मी अकरा वेळा काढला," व्हर्न म्हणाला. "हा इथे राहत नसेल, तर मी कुणाचं छप्पर वाचवत होतो?"

आणि खाली बसला. ताई, मला हे माहीतच नव्हतं. सप्टेंबरात आलो तेव्हा छप्पर धड होतं, मला वाटलं हिवाळा सौम्य गेला. तक्रारीचा उगमही तिथेच वाचून दाखवला: मेगननं माझा फोटो इंटरनेटवर टाकला होता, खाली प्रेमानं लिहून की "आमच्या विस्कॉन्सिनच्या आजोबांनी मिशिगनमध्ये काय मारलं बघा". तो कुणा अनोळखी माणसानं खात्याला पाठवला. मी व्हर्नकडे बघितलं. व्हर्न खिडकीबाहेर बघत होता.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, कायद्यात रहिवासी म्हणजे ज्याचं कायमचं घर इथे आहे आणि इथेच राहायचा ज्याचा इरादा आहे तो. घर दिसतंय. इरादा तुम्ही सांगा.

मी ठरवून गेलो होतो काय बोलायचं ते. पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं. (सर्दी.) लेंपी गेल्यापासून त्या घरात सकाळी मी एकटाच उठतो, आणि कार्लकडे उठलो तर माझं कपाट कुठे हे शोधावं लागतं. खरं सांगायचं तर मी कुठे राहतो हे मला तीन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"मरेन तर इथेच," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि रहिवासी ठरवलं. लायसन दहा दिवसांत बदलायची ताकीद दिली आणि बंदूक परत. कायलानं ती स्वतः तेल लावून आणून दिली. हरणाचं मांस मात्र खराब होईल म्हणून खात्यानं आधीच म्हाताऱ्यांच्या गुरुवारच्या जेवणाला देऊन टाकलं होतं. तिथे मीही जेवतो. म्हणजे गेल्या महिन्यात तिथे स्वयंपाक करणाऱ्या एल्सीनं पाठीचं कोवळं मांस राजम्यात घालून चामड्यासारखं शिजवलं होतं आणि मी ज्याला नावं ठेवली, ते माझंच हरीण होतं. मला फक्त शिंगं मिळाली.

दाजींना नमस्कार, कंबरेला जप.

तुझा,
आर्विड

ता. क. व्हर्नची माफी मागायला काल गेलो होतो. हद्दीचा विषय निघाला, त्यामुळे राहून गेली.

ता. क. २. लायसन अजून बदललेलं नाही. बदलणारही नाही बहुतेक. मेमध्ये ते पाच तास वाचवायला काढलं असं वर लिहिलंय, ते पुसायचं राहिलं. तिकडे विस्कॉन्सिनला गुडघ्याच्या व्यायामाच्या वर्गात थेरेसा वोयचिक म्हणून एक बाई आहेत, विधवा, डावा गुडघा. दर शुक्रवारी त्यांना मासे खायला बाहेर न्यायचं तर लायसन चालू हवं होतं. एप्रिलमध्ये लग्न करायचं म्हणतो आहोत. इकडे उत्तरेला यायला त्या तयार नाहीत, तेव्हा मीच जाईन. कोर्टात मी खोटं बोललो असं समजू नकोस. मरायचं इथेच आहे. मधली वर्षं कुठे काढणार, हे बाईंनी विचारलं नाही. कार्लला हे माझ्याच्यानं सांगवत नाही. तू मोठी आहेस, तुझं तो ऐकतो. तेवढं एक पत्र त्याला लिही, आणि लवकर लिही, कारण थेरेसाचं मेगनशी फोनवर बोलणं सुरू झालंय.

ता. क. ३. दाजींचा पुतण्या तिकडे विस्कॉन्सिनला असतो ना? रहिवासी म्हणून हरणाचा परवाना मिळायला तिथे किती दिवस राहावं लागतं, हे त्याच्याकडून विचारून ठेव. घाई नाही. थेरेसाची चाळीस एकर बाग आहे आणि संध्याकाळी सफरचंदांखाली पंधरा-वीस हरणं येतात, पण तिनं सगळ्यांना नावं दिली आहेत. त्यातल्या दहा टोकांच्या नराचं नाव लेनर्ड आहे. तिच्या आधीच्या नवऱ्याचं.