तपासणी बाकी

सोमवार, ५ फेब्रुवारी २००७

साइट चालू झाली! बालवाडीतल्या मुलांच्या कानांची तपासणी – शिबिरात आकडे भरायचे, आमच्या पानावर प्रत्येक मुलाचा निकाल येतो, तो छापून आईबापांच्या हातात द्यायचा. पानं सगळी मी लिहिलेली. अनिरुद्ध सर ‘बरं जमलंय’ म्हणाले. कंपनी त्यांची, कौतुक एवढंच मिळतं. कोथरूडपासून वाघोलीपर्यंत स्कूटीवर गुणगुणत आले. बाबांसाठी एक नमुना छापून आणला होता. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

विशेष काही नाही. आईनं केलेली मटकीची उसळ ऑफिसात सगळ्यांनी संपवली, मला उरली नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

लोणी काळभोरहून फोन. कौशल्याबाई म्हणून कोणी. निकालाच्या कागदावर ऑफिसचा नंबर असतो, त्यावर केला.

‘मॅडम, आमच्या नम्रताचा कागद आलाय. चार वर्षांची हाय. दोन्ही कान उत्तम लिवलंय.’

‘मग चांगलंच आहे की.’

‘पण तिला ऐकू येत नाय ओ. मागून हाक मारली तर वळत नाय. तिचे पप्पा म्हणतात, कंप्युटरनं लिवलंय, तूच येडी हायेस. पोरगी हट्टी हाय, दोन फटके दिले की ऐकंल.’

मी म्हणाले, मशीन सहसा चुकत नाही, तरी बघते.

‘मशीन लावलंच कुठं? तिचा नंबर यायच्या आत त्याची बॅटरी संपली.’

तिचं रेकॉर्ड उघडलं. तपासणीची जागा रिकामी. डावा कान नाही, उजवा नाही. आणि पानावर – उत्तम.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

सापडलं. सोपं आहे, म्हणूनच लाज वाटते.

पान विचारतं – या मुलीच्या तपासणीतला डाव्या कानाचा आकडा दे. तपासणीच झालेली नसेल तर आकडा कुठून येणार? इथेच पानानं ओरडायला हवं. आमचं टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, ओरडत नाही, गुपचूप रिकामी जागा हातात ठेवतं. पुढची ओळ विचारते – हा आकडा पंचवीस किंवा कमी आहे का? आता रिकामी जागा आणि आकडा यांची तुलना करायची, म्हणून ते रिकाम्या जागेला शून्य धरतं. आणि कानाच्या तपासणीत शून्य म्हणजे अगदी बारीक आवाजही ऐकू येतो. म्हणजे उत्तम.

दोन्ही ओळी माझ्या.

सरांना सांगितलं, ‘चूक माझी आहे.’ त्यांनी पडद्यावरच्या दोन्ही ओळी वाचल्या. ‘परीक्षेला न बसलेल्यांना आपण पहिल्या वर्गात पास केलंय,’ म्हणाले. मग स्वतःच शिबिराच्या डॉक्टर शैला मॅडमना फोन लावला. ‘आमची चूक झाली आहे.’ माझं नाव घेतलं नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी

दुरुस्त केलं. आता पान आधी विचारतं – तपासणी आहे का? आहे तो आकडाच आहे का? मग तुलना. नाहीतर ‘तपासणी बाकी’. सगळे जुने निकाल पुन्हा काढले. एकशे सतरा मुलं ‘उत्तम’वरून ‘बाकी’वर आली. दिवसभर एकेका घरी फोन केले. एका आजोबांनी झापलं, तेवढं चालायचंच. एकंदरीत हलकं वाटतंय.

शनिवार, २४ फेब्रुवारी

लोणी काळभोरला पुन्हा शिबिर. मीही गेले. माझं तिथे काम नव्हतं.

नम्रता दोन वेण्या घालून आली होती. शैला मॅडमनी तिच्या कानांवर हेडफोन चढवला. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. मॅडम बटणं दाबत होत्या, ती मणी घट्ट धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आवाज खूप वाढवला तेव्हा कुठे मणी पडला. दोन्ही कान सत्तर.

मॅडमनी समजावून सांगितलं – कानात घालायचं मशीन बसवलं की ऐकेल, बोलायलाही लागेल, वय आहे. कौशल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, ‘म्हंजे मी येडी नव्हते.’

नवरा, नागोराव, शेजारीच उभा होता. बाहेर जाऊन मुलीच्या चपला घेऊन आला आणि खाली बसून तिच्या पायांत घालायला लागला. पट्टा काही लागेना, तरी उठेना.

बुधवार, २१ मार्च

नम्रताला परवा मशीन बसवलं. आज कौशल्याबाईंचा फोन – कुकरची शिट्टी झाली आणि पोरगी आईच्या पदरात शिरली. घाबरून! त्या हसत होत्या, मीही. बाकीच्या एकशे सोळांचीही तपासणी झाली. आणखी तिघं सापडली, त्यांचंही होईल. इतकं छान बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

गुरुवार, २२ मार्च

शैला मॅडमचा फोन. आमची पानं आवडली म्हणून दोन जिल्ह्यांनी फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांची नक्कल करून घेतली होती, आम्हाला न विचारता. दुरुस्तीच्या आधी. साठ हजार निकाल घरोघरी गेले आहेत. त्यातल्या किती मुलांच्या कानांना तपासणीचं मशीन लागलं होतं, कुणालाच माहीत नाही.

उद्या सकाळच्या एसटीनं त्यातल्या पहिल्या जिल्ह्याला निघते आहे.